आटत गेलेला नायक

इचलकरंजीच्या आमच्या नाक्यावर सिनेमाचं पोस्टर लागलं, त्यातला नायक कुणी नावं ठेवली की वीतभर आटायचा. टेप माझ्याच हातात होती म्हणून सांगतो, सोमवारी तो चौदा फूट होता.

पोस्टर माझ्या शेजारच्या सन्मती चौगुलेनं केलेलं. सिनेमाचं त्याचं पहिलंच काम. मधोमध अनवाणी उभा नायक आणि तळाशी बारीक अक्षरांत सन्मतीचं नाव.

पहिल्याच दिवशी पानवाला म्हणाला, "डोकं बघा, कलिंगडागत!" डोकं वीतभर आत गेलं. दुपारी एक बाई "छाती भाड्यानं आणलीया काय?" म्हणून गेल्या. छाती बसली. ज्या अवयवाचं नाव घेतलं जाई तोच कमी होई. त्यात पक्षपात नव्हता. बुधवारी नायक चार फुटांवर आला.

निर्माते रावसाहेब मगदूम येऊन बघून गेले. "परवा सिनेमा लागतोय. तोवर काही कर. न्हाईतर तुझं नाव काढून पोस्टर दुसऱ्याकडनं करून घेतो."

सन्मती येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडू लागला. "काका, एक चांगला शब्द बोला की."

काकांनी पोस्टर वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाईट न्हाई."

टेप लावली. तसूभर फरक नाही.

"आणखी थोडं, काका."

"आणखी? एवढं मी सख्ख्या जावयाला म्हटलं न्हाई!"

गुरुवारी नायक हातभर उरला, तेव्हा सन्मतीचे वडील, तात्या, आले. तात्यांनी चाळीस वर्षं मागावर उभं राहून काढली होती, आणि पोराच्या एकाही चित्राला आजवर बरं म्हटलं नव्हतं. चष्मा पुसून ते वाकले.

"पाय बरे काढलेस," म्हणाले. "माणूस दिवसभर उभा राहील."

आणि घरी गेले.

पाय वाढले. फक्त पायच, कारण नाव त्यांचंच घेतलं होतं. शुक्रवारी सकाळी एकेक अंगठा रिक्षाएवढा झाला.

"नायक कुठाय?" रावसाहेब ओरडले.

"घोट्याच्या वर आहे, साहेब," सन्मती म्हणाला. "नीट बघितलं तर दिसतो."

तेवढ्यात एका म्हातारीनं भाजीची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि पोस्टरवरच्या पायांना डोकं टेकवलं. तिच्यामागं पानवाला उभा राहिला. मग काका. बघता बघता रांग समोरच्या टॉकीजच्या तिकीटखिडकीपर्यंत गेली.

रावसाहेबांनी रांगेकडं पाहिलं, चपला काढल्या आणि शेवटी जाऊन उभे राहिले. पाळी आल्यावर वाकून नमस्कार केला.

"चौगुले," उठता उठता ते म्हणाले, "तुझं नाव अंगठ्याखाली गेलंय. जरा डावीकडं घे, लोकांना वाचता येऊ दे."