रेघेबाहेरचा एक पाय

बाबली परबने मेमो वाचायला घेतला तेव्हा त्याच्या हातातला चहा गरम होता. वाचून संपला तेव्हा चहा निवला होता आणि बाबली उकळत होता.

गोव्यात पेडण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं करणारा एक कारखाना आहे. बाबली तिथे अठरा वर्षं कामाला. एवढ्या काळात तो एकदाही उशिरा आला नव्हता, आणि हे तो रोज कुणाला तरी सांगत असे. एक तारखेला तो सुपरवायझर होणार होता. शेवंताने, म्हणजे त्याच्या बायकोने, नव्या शर्टाला इस्त्री करून तो कपाटात वेगळा टांगला होता. कारखान्याबाहेरही बाबलीला मान होता. गावच्या देवळात गाऱ्हाणं तोच घालायचा. देवापुढे उभा राहून तो खड्या आवाजात गावाचं मागणं मांडी आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणत.

मेमो इंग्रजीत होता. या कारखान्यात कामं कोंकणी-मराठीत होतात, आरोप इंग्रजीत होतात. बाबलीने नियम क्रमांक नऊ 'व्हायोलेट' केला, म्हणजे फोर्कलिफ्टच्या वाटेची पिवळी रेघ ओलांडली, असं त्यात होतं. सोबत कॅमेऱ्यातला फोटो. बाबलीचा डावा पाय रेघेपलीकडे, उजवा अलीकडे, हात पुढे. वाटेच्या त्या बाजूला कोल्हापूरकडचा कामगार नितीन, हातात कागदात गुंडाळलेले उंडे, म्हणजे इथले गोल पाव.

"पाव दिवक तुका दुसरी जागा नाय गावली?" बाबली नितीनवर धावून गेला.

"आवो अण्णा, तुम्हीच म्हनला की, भूक लागलीया, आन हिकडं. माझं दोन्ही पाय आतच हुतं, बघा फोटूत."

ते खरं होतं. त्यामुळे बाबलीचा पारा आणखी चढला.

तो तडक ऑफिसात गेला. तिथे समीक्षा बसते. माणसांच्या नेमणुका, रजा आणि मेमो तिच्याकडे.

"समीक्षा, माझो एक पाय भायर गेलो. एक. दुसरो भितर होतो."

"दिसतंय काका. पण मेमोचा नमुना ठरलेला आहे. मी फक्त नाव घालते."

"आणि ह्या मेमोन माझा काय होतला?"

समीक्षाने नियमांचं पुस्तक उघडलं. पान बारा. 'व्हायोलेट' केलं असेल तर गुन्हा गंभीर, बढती एक वर्ष बंद. खाली आणखी एक ओळ होती. 'इनफ्रिंज' केलं असेल तर तोंडी ताकीद, बढतीला बाधा नाही.

"मगे तां दुसरा घाल."

"काका, दोन्ही एकच ना?"

"एकच, तर दोन ओळी कित्याक छापल्यात?"

समीक्षाने मुखपृष्ठ उलटून पाहिलं. पुस्तक तिच्याआधीच्या माणसाने कुठूनतरी उतरवून घेतलं होतं आणि तो आता दुबईला होता.

संध्याकाळी बाबली तारा टीचरकडे गेला. टीचर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण लाल पेन अजून त्यांच्या हाताशी असे. त्यांनी मेमो वाचला, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि चष्मा काढला.

"बाबली, शाळेत तू इंग्रजीच्या तासाला खंय असायचंस?"

"नदीर."

"तरीच. ऐक. चपला घालून गाभाऱ्यात शिरलास, जाणूनबुजून, देवाची पर्वा न करता, तर ते व्हायोलेट. करार मोडला, कुणाची अब्रू घेतली, तिथेही तोच शब्द. आणि तुझ्या शेवग्याची फांदी शेजाऱ्याच्या कुंपणात गेली, तर ते इनफ्रिंज. दुसऱ्याच्या हद्दीत, हक्कात पाऊल पडणं. लोक कसाही वापरतात, पण वजन वेगळं."

"माझा तर पाऊलच पडलां."

"आणि तेही एक," टीचर म्हणाल्या आणि कागद ओढला.

पत्र दोन पानी झालं. कामगारांच्या पत्रांना कारखाना सहसा उत्तर देत नसे. पण या पत्राचं इंग्रजी मालकांच्या इंग्रजीपेक्षा चांगलं असल्यामुळे रीतसर चौकशी लावावी लागली. साक्षीदार बारा. अकरा बाबलीच्या गावचे कामगार, त्यानेच नावं दिलेले. बारावा नितीन, फोटोत होता म्हणून. त्याचं नाव वाचून बाबली दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

चौकशी पॅकिंगच्या शेडमध्ये भरली. समीक्षा इतिवृत्त लिहायला बसली. मालकांनी बजावलं होतं की जे कानावर पडेल ते आणि तेवढंच लिहायचं. तिने मराठीत आरोप वाचला, "नियम क्रमांक नऊचे उल्लंघन."

"खंयचा उल्लंघन?" बाबली उठला. "व्हायोलेट काय इनफ्रिंज?"

"काका, मराठीत दोन्हीला उल्लंघनच म्हणतात."

"मराठीक कित्याक दोष देतंस? हाड तो कागद. माझ्यार काय आळ घातला तो माझ्या माणसांक नीट कळांदी."

त्याने कागद हिसकावला आणि शेडच्या मधोमध उभा राहिला. राग डोक्यात होता आणि समोर त्याचीच अकरा माणसं रांगेत उभी होती. आवाज आपोआप चढला, देवळात चढतो तसा.

"बाऽ आज हंय जमलेल्या समस्तांनो! ह्या बाबलीन म्हणे जाणूनबुजून नियम मोडलो!"

"व्हय म्हाराजा," अकरा जण म्हणाले.

"नियमाचो मान ठेवूक नाय!"

"व्हय म्हाराजा."

"पिवळी रेग पायाखाली तुडयली!"

"व्हय म्हाराजा!"

शेड दणाणली. मग एकदम शांत झाली. समीक्षाचं पेन मात्र चालू होतं. अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं, आणि ते सगळं लिहूनही झालं होतं.

"मला काय ह्यातलं ठावं न्हाई," कोपऱ्यातून नितीन म्हणाला. "पन म्हाराजा कोन का असंना, पाय एकच हुता. मी बघितलाय."

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. अकरा विरुद्ध एक. 'व्हायोलेट' कायम, बढती वर्षभर पुढे. आणि आरोपीच्या दडपणाला बळी न पडता स्वतंत्र मत देणारा एकमेव कामगार म्हणून तूर्त सुपरवायझर नितीन.

शेवंताने नवा शर्ट कपाटात आणखी आत सरकवला. "तोंड आवर म्हणान वीस वर्सां सांगतंय," एवढंच ती म्हणाली. बाबली नितीनवर चिडला, समीक्षावर चिडला, अकरा जणांवर तर फारच. "मेल्यांनो, देऊळ खंय आणि शेड खंय!"

"आवाज तुझोच होतो मरे," त्यातला एक पुटपुटला. "जीब आपसूक गेली."

पुढच्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं होतं. अकराही जण आले. बाबली देवापुढे उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांकडसून कळत नकळत काय चूक घडली आसात, तर ती पोटात घाल!"

कुणी हूं की चूं केलं नाही. चूक कबूल करायची होती, आणि अकरा जण ओठ घट्ट मिटून आधी समीक्षा कुठे दिसते का ते बघत होते. देव थांबला होता. बाबलीच्या मानेची शीर टरारून फुगली.

"व्हय म्हाराजा," मागून एकटाच आवाज आला.

बाबली वळला. दारात नितीन उभा होता, अंगात सुपरवायझरचा निळा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आत यावं की नको या विचारात अडकलेला. एक पाय उंबऱ्याबाहेर, दुसरा आत. आतल्या पायात चप्पल.

अकरा जणांनी आधी त्या चपलेकडे पाहिलं, मग बाबलीकडे. बाबलीने आतले पाय मोजले.

"इनफ्रिंज," तो शेवटी म्हणाला. "तोंडी ताकीद. चपला काड आणि भितर यो."