मैंदर्गीची टाकी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या इरण्णाकाकांना कुठलीही बातमी सांगा, ते आधी एकच विचारतात, "कधीचं हाय हे?" माझ्या भावाला ताप आलाय म्हटलं, तर म्हणाले, "सकाळचं? मग शिळं हाय की. आत्ता फोन करून बघा." कुणी लग्नाची पत्रिका दिली, तर लग्न अजून ठरलेलंच आहे ना, हे ते थेट मुलीच्या बापाला फोन करून विचारतात. त्यापायी एका घराने बोलणं टाकलंय, पण काकांना त्याचं सोयरसुतक नाही.

काका टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. शेवटी शेवटी मालकाने डॅशबोर्ड आणला, म्हणजे माल किती आला, किती उरला ते कॉम्प्युटरवर रंगीत चौकोनांत दाखवणारा फळा, आणि काकांना त्याचं वेडच लागलं. रिटायर झाल्यावर स्वस्थ बसतील तर ते इरण्णा कसले! सोलापुरात नळाला पाणी येतं ते वाट बघून बघून. काकांनी इमारतीच्या टाकीत पातळी मोजणारी डबी बसवली. डबी आपला आकडा इंटरनेटवरून क्लाउडमध्ये, म्हणजे दूर कुठल्याशा कॉम्प्युटरवर, पाठवणार आणि तिथून तो काकांच्या हॉलमधल्या टीव्हीवर निळ्या चौकोनात उमटणार, असा बेत. "देव्हाऱ्यापुढं कधी एवढं बसले न्हाईत," असं पार्वतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, येईल त्याला सांगायच्या.

पहिल्या खेपेला फजिती झाली. काकांनी टीव्हीला जोडली ती क्लाउडमधून उतरवून घेतलेली फाइल, आणि ती होती आदल्या दिवशीची. टीव्हीवर टाकी काठोकाठ भरलेली. काकांनी सगळ्या इमारतीला बिनधास्त अंघोळी करा म्हणून सांगितलं आणि थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरचे साहेब डोक्याला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून जिना उतरून आले. काका त्यांना जिन्यातच समजावत उभे राहिले, की चूक टाकीची नाही, आपण नक्कल जोडली, मूळ जोडायचं राहिलं. साहेबांच्या डोळ्यांत साबण जात होता. त्यांची समजूत काही पटली नाही.

मग काका इरेला पेटले. कॉम्प्युटर इंग्रजीत कधी परवानगी नाही म्हणे, कधी पासवर्ड चुकला म्हणे, आणि ते वाचून सांगायला मी, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. अखेर मधली ती फाइल निघाली, टीव्ही थेट क्लाउडशी जोडला गेला आणि आकडा दर थोड्या वेळाने आपोआप हलायला लागला. काकूंनी शिरा केला. त्यानंतर टीव्हीवर खालचा हौद आला, काकांच्या घरातलं पिंपसुद्धा आलं.

आणि एक दिवस चौथा चौकोन आला. त्यावर नावच नव्हतं.

मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड आहे, नाकारत नाही. ही टाकी कुणाची, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. काकांना विचारलं तर म्हणाले, टेस्टिंगला हाय. पण सकाळी बघावं तर काका चहाचा कप हातात घेऊन त्याच चौकोनापुढे बसलेले. पातळी जरा खाली गेली की मगच चहा प्यायचे, मग तो थंडगार का झालेला असेना.

शेवटी मी काकूंना गाठलं. ती टाकी होती अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची, काकांच्या थोरल्या बहिणीच्या घरची. अक्का विधवा, एकट्याच राहतात. काकांना वाटलं, म्हातारपणी एकटी कशाला? तिला आपल्याकडे आणू. ठीक आहे, पण या सद्गृहस्थांनी तिला न विचारताच टेम्पो नेऊन दारात उभा केला आणि भांडी भरायला घेतली. अक्कांनी एकेक भांडं टेम्पोतून खाली फेकलं आणि तेव्हापासून त्या भावाचा फोन घेत नव्हत्या. मग काकांनी टाकी साफ करायच्या निमित्ताने प्लंबर पाठवला आणि गुपचूप डबी बसवून घेतली. "सकाळी पाणी कमी झालं म्हंजे अक्का उठल्या, अंघोळ केली," काकू म्हणाल्या. "तेवढंच कळतंय बघा."

त्या उन्हाळ्यात एका सकाळी चौथा चौकोन हलला नाही. काकांनी आधी जोडणी तपासली. दुसऱ्या दिवशीही तेच. काका मला बोलवायला आले तेव्हा त्यांच्या अंगात घरातलाच बनियन होता.

"आकडा आत्ताचाच हाय," ते म्हणाले. "पाणी हलंना."

शेजारी कुणाला फोन करू या का, म्हटलं, तर नको म्हणाले. कुणी काही वाईट सांगितलं तर ते हितं बसून कसं ऐकू? मी गाडी काढली. काकू टीव्हीपुढे थांबल्या. अक्कलकोट मागे पडलं. काकांनी फोन मांडीवर पालथा ठेवलेला, एकदाही उलटा करून बघितला नाही. मलाही फार भीती वाटत होती.

मैंदर्गीत गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. अक्का उंबऱ्यात बसून मिरच्यांची देठं खुडत होत्या. काका जागच्या जागी थांबले. अक्कांनी मान वर केली नाही.

"आलास तम्मा?" त्या म्हणाल्या. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. "मी अंघोळ केली का न्हाई, ते रोज त्या डबीला इचारतोस. प्लंबरनं तवाच सांगितलं मला. म्हटलं, बघू. दोन दिस टाकीला हात लावला न्हाई, पाणी शेजारनं आणलं."

काकांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. अंगणातल्या टाकीच्या नळाखाली त्यांनी पाय धुतले, तोंड धुतलं, आणि मग कितीतरी वेळ तोंडच धूत राहिले. अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. मग तिथेच पायरीवर बसून काकांनी विचारलं, "कशी हायस अक्का?"

अक्का उत्तर देणार तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पार्वतीकाकू होत्या. आम्ही त्यांना कळवायचंच विसरलो होतो. रडता रडता त्या एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की मला लांबूनही ऐकू आलं. "अवो, पाणी खाली आलं! अक्का उठल्या! अक्का बऱ्या हायत!"

काकांनी फोन अक्कांपुढे धरला. अक्कांनी मिरचीचे हात पदराला पुसले आणि फोन घेतला.