नानांच्या पाठीवरचा भोपळा

तापीत सगळ्यांत जोरात पोहणारा माणूस पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायचा. अहो, भोपळा बांधतात तो पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला! नथ्थूनाना पस्तिशीला टेकलेले. काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, पण हा गृहस्थ ढिम्म.

मी तेव्हा शिंदखेड्याकडे नदीकाठच्या गावी मास्तर होतो. नदीच्या मधोमध एक बेट, त्यावर सात घरं. तिथली शाळा माझ्याकडे होती, त्यामुळे रोज सकाळी नानांच्या डोंगीतून जाणं आलं.

"मास्तर, पोहता येस का?"

"येतं."

"यामा काहीतरी गोम शे," असं म्हणून ते माझ्याही पाठीला भोपळा बांधत. रोज! समोर पोरं उभी, आणि मास्तर अशा अवतारात उतरतोय. मी मनातल्या मनात दातओठ खायचो.

नानांचा कशावरच विश्वास नव्हता. माझं घड्याळ मुद्दाम पुढे केलेलं, दुधात नदी, सरकारी यादीत कारस्थान. यादीचं मात्र त्यांना खरंच लागलं होतं. नवं राज्य आलं, गावांची यादी झाली आणि बेटाचं नावच नाही! पोहण्याची शर्यत जिंकणाऱ्याचं नाव गावासकट पुकारतात, म्हणून नानांना एकदा जिंकायचंच होतं. निदान भोंग्यातून तरी बेटाचं नाव निघेल.

जिल्ह्याच्या शर्यती आमच्याच घाटावर व्हायच्या. पहिल्या वर्षी शिट्टी झाली, सगळ्यांनी उड्या मारल्या. नाना काठावरच. खरी शिट्टी हीच कशावरून? दुसऱ्या वर्षी निम्म्यात थांबून मागे वळले, कोण लबाडी करतंय ते बघायला. तिसऱ्या वर्षी शेवटची संधी. पुढे वयाची अट लागणार होती.

"नाना, माझी शपथ आहे, मागे बघायचं नाही," मी बजावलं.

काय सुटले हो! भोपळ्यासकट सगळ्यांच्या पुढे. काठ दहा हातांवर आला, मी टोपी उडवायच्या बेतात, आणि नानांनी मागे पाहिलं.

पार मागे धुळ्याच्या एका गड्याचं नुसतं डोकं दिसत होतं. नाना गर्रकन वळले. त्याला गाठलं, स्वतःचा भोपळा सोडून त्याच्या काखेत कोंबला.

"अहो, काय करता? मी उभा आहे!" तो ओरडला. पायात गोळा आला म्हणून गडी वाळूच्या उंचवट्यावर गळाभर पाण्यात निवांत उभा होता. काठावर लोक पोट धरून हसले. नाव भलत्याच गावाचं पुकारलं गेलं.

परतताना डोंगीत मी भडकलोच. "तो उभा होता, नाना! अक्कल गहाण टाकली होती का?"

नानांनी वल्हं जोरात मारलं.

"मना धाकला भाऊ व्हता, मास्तर. आठेच बुडना, या पाणीमा. माले सांगे, नाना, माले पोहता येस. मी इस्वास ठेवा." वल्हं थांबलं. "भोपळा घरमाच ऱ्हायना."

माझी मान खाली गेली. एवढी वर्षं मी या माणसावर दातओठ खात होतो, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी घाटावर त्यांनी विचारायच्या आत मीच पाठ फिरवली. "बांधा, नाना. जरा आवळून."

नानांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"यामा काहीतरी गोम शे," म्हणाले, आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.