पाच खोल्यांची पाच गाणी

आमच्या शेजारच्या अण्णांच्या घरात एका वेळी पाच गाणी लागलेली असतात. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, सनई, देवघरात कन्नड वचनं, स्वयंपाकघरात ढोलकीवरची लावणी, न्हाणीत बासरी आणि परसदाराला हलगी. सकाळी सहाला हे सुरू होतं ते अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, झोपेपर्यंत चालतं. त्यांचं परसदार आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे माझ्या वाट्याला हलगी आली. कोल्हापूरच्या माणसाने हलगीला नावं ठेवू नयेत, हे मला मान्य आहे. पण कुस्तीच्या मैदानातली हलगी ऐकून माणसाला घरी तरी जाता येतं. मी आधीच घरी असतो.

अण्णांचं पूर्वी भांड्यांचं दुकान होतं. घागर असो की पातेलं, बोटाच्या पेराने टिचकी मारल्याशिवाय त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही. दुकान गेलं, टिचकी राहिली. हे बिनवायरचे स्पीकर आणायला ते मला सोबत घेऊन गेले होते, तेव्हा त्यांनी दुकानातल्या प्रत्येक स्पीकरला टिचकी मारली.

"काका, स्पीकर वाजवून घेतात," विकणारा म्हणाला.

"मग मी काय करतोय?" अण्णा म्हणाले.

व्यवस्था अशी आहे. सोप्यात टेबलावर एक जुना कम्प्यूटर. त्याच्यातून गाणी सुटतात आणि हवेतून पाच स्पीकरांकडे जातात. अण्णा त्या स्पीकरांना 'पावणं' म्हणतात, कारण ते मनात आलं तर येतात, न सांगता जातात आणि एकसारखे रुसतात. मागे माझे साडू आमच्याकडे राहायला आले होते. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "सोप्यातलं पावणं लई घसा काढाय लागलंय, त्येला जरा दाबतो." साडू आठवड्यासाठी आले होते, ते दोन दिवसांत गेले. मीही त्यांना काही समजावून सांगितलं नाही.

तो प्रोग्राम मुळात सगळ्या घरात एकच गाणं वाजावं म्हणून केलेला आहे. अण्णांनी दोन महिने खपून तो प्रत्येक खोलीत वेगळं गाणं वाजवायला शिकवला. हा उलटा उद्योग कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"हौस हाय, सायेब," अण्णा म्हणाले. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, म्हणून त्यांच्यालेखी सायेब. "माणसाला एक तरी हौस पायजे. तुम्हाला न्हाय, म्हणून तुमचं त्वांड असं दिसतंय."

माझं तोंड कसं दिसतं हे मला ठाऊक असल्याने मी मुद्द्यावर आलो. "हलगी तेवढी जरा कमी करता का?"

"हलगी सोडून काय बी सांगा."

अक्काही काही कमी वैतागलेल्या नसत. खिडकीतून आमच्या हिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "ह्यांच्या डोस्क्याचं कायतरी झालंय बघ. हौस म्हणं." मागच्या वर्षी परसदाराच्या पायऱ्यांवरून पडून अक्कांचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून गुडघे दुखतात म्हणून त्या बाहेर पडत नव्हत्या. गल्लीला अक्कांची दया यायची. आधीच गुडघे, त्यात असला नवरा.

गेल्या महिन्यात हातकणंगल्याला अण्णांचे चुलतभाऊ वारले. अण्णांना जाणं भाग होतं. जाताना त्यांनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला होता, पण तो भावासाठी असेल असं मला वाटलं.

"सांजच्यापर्यंत येतो. तवर सोप्यात बसा. कम्प्यूटर झोपला तर हे बटण दाबून उठवायचा. बाकी कशाला हात लावायचा न्हाय. आन् हिला उगंच हाक मारून इकडं तिकडं करू नका."

मी बसलो. आत अक्का चहा करत होत्या. पाच गाणी चहूबाजूंनी येत होती. समोर पडद्यावर पाच खोल्यांची नावं होती आणि वर एक बटण होतं, 'सगळीकडे एकच'. मी मुलांची हॉल तिकिटं छापतो, म्हणजे कम्प्यूटर मला कळतो, असा माझा समज आहे. मी बासरी निवडली आणि ते बटण दाबलं.

एका क्षणात ते घर माणसांचं झालं. हलगी थांबली. सोप्यापासून परसदारापर्यंत एकच संथ बासरी. आपण दोन घरांवर उपकार केले, असं वाटून मी खुर्चीत पाय लांब केले.

अक्का चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि थांबल्या. मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली. मग सोप्याकडे वळायच्या ऐवजी उलट्या दिशेला वळल्या आणि बोळातून सावकाश चालू लागल्या. साखर विसरल्या असतील, असं मला वाटलं. पण साखर स्वयंपाकघरात होती. अक्का निघाल्या होत्या परसदाराकडे. दार सताड उघडं होतं आणि पलीकडे दगडी पायऱ्या. उंबऱ्यावर त्यांचं पाऊल अडखळलं.

"दिलीप," त्या म्हणाल्या. वेळ विचारावी तशा आवाजात. "मी कुठल्या खोलीत हाय रे?"

मी कसा धावलो ते मला आठवत नाही. त्यांचं कोपर धरलं तेव्हा चहा माझ्या हातावर सांडला. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे होती, आणि इतक्या दिवसांत हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

"हलगी कुणी बंद केली?"

"मी, अक्का."

"हात सोड आधी," त्या म्हणाल्या. "आन् चल, मी सांगते तसं लाव."

मी पुढे बोलत चाललो, त्या माझ्या आवाजामागून आल्या. खुर्चीत बसून त्यांनी एकेक खोली सांगितली, मी लावत गेलो. प्रत्येक गाणं आपल्या जागी परतलं की त्या तिकडे तोंड वळवायच्या, दिवा लागल्यासारखं.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "सगळंच गेलं. पोरगं म्हणतंय पुण्याला चला. तिथं मला धरून एका जागी बसवतील. मी ह्यांना एकदाच सांगितलं, माझ्या घरात मी कुणाचा हात धरून फिरायची न्हाय. त्यावर हे कायच बोलले न्हाईत. एक दिवस सकाळी मी उठले, तर घरभर गाणी. म्हणाले, हौस हाय. म्हटलं, करा." त्यांनी सनईकडे मान वळवली. "आजचं त्यांना सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हणालो.

गुपित माझ्याकडे चार तास टिकलं. संध्याकाळी मी त्यांच्या दारातल्या कट्ट्यावर बसलो होतो. अण्णा रिक्षातून उतरले, चार पावलं आले आणि कान देऊन उभे राहिले.

"हलगी बारीक हाय," ते म्हणाले. "कुणी हात लावला?"

मी सगळं सांगितलं. शिव्या बसतील, निदान एक मुस्काटात बसेल, असं धरून चाललो होतो. बसली असती तर बरं वाटलं असतं. अण्णा माझ्याशेजारी कट्ट्यावर बसले.

"पडली?"

"नाही."

"रडली?"

"नाही."

"मग काय म्हणाली?"

"मी कुठल्या खोलीत आहे, असं विचारलं."

समोरून दूधवाला गेला, त्याने रामराम केला, तो अण्णांनी घेतला नाही.

"तुम्हाला विचारलं," ते म्हणाले. "मला एकदा बी न्हाय विचारलं, सायेब. किती दिवस वाट बघतोय. घरात चाचपडत उभी राहती, मी चार हातांवर बसलेला असतोय. मी हाय हे तिला ठावं असतंय. तरी न्हाय विचारत. आन् ती विचारत न्हाय म्हणून मला बी जागचं उठता येत न्हाय."



आतून अक्कांचा आवाज आला. "आलायसा न्हवं? मग दारात काय बसलाय?"

अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि उठले. उंबरा ओलांडताना त्यांनी आवाज एकदम चढवला.

"आलो की. जरा बाहेर बसलं तर काय बिघडलं?"

"किती हा गोंगाट. डोस्कं उठलं माझं. बंद करा की ते."

"बंद करायचा न्हाय. हौस हाय माझी."

"असली कसली हौस बाई."

दोघं इतक्या मोठ्यानं बोलत होते, की गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू जावं.