नानांची दक्षता समिती

घरात कुणी परीक्षेला बसलं, की बाकीच्यांनी काय करावं, सांगा पाहू? गप्प बसावं, बरोबर! पण नानांना गप्प बसणं जमलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

नाना पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांची सून प्रशासकीय सेवेची लेखी परीक्षा पास झाली होती आणि आता मुलाखत तोंडावर आली होती. वयाच्या अटीमुळं ही तिची शेवटचीच संधी. सराव मुलाखतीत तिला कम्युनिटी पोलिसिंगवर प्रश्न आला. तिनं पोलीस आणि जनतेचं सहकार्य, परस्पर विश्वास, असं सगळं घडाघडा सांगितलं. सर म्हणाले, "हे झालं पुस्तकातलं. तुमच्या गल्लीतलं काही सांगा."

सूनबाई तोंड पाडून घरी आली. "नाना, आपल्या गल्लीत काही घडतच नाही हो."

"मग घडवू की!" नाना म्हणाले.

"अहो, तिला अभ्यास करू द्या," स्वयंपाकघरातून नानी ओरडल्या. पण नाना तोवर चपला घालून जिना उतरलेसुद्धा.

संध्याकाळपर्यंत गल्लीची दक्षता समिती तयार झाली. अध्यक्ष नाना. (दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.) नियम साधा होता. संशयास्पद काही दिसलं, तर आपण पुढं व्हायचं नाही. नानांना फोन करायचा, नाना पोलीस चौकीला कळवतील. चौकीतल्या हवालदारबाई हसून "बरं आजोबा" म्हणाल्या. नानांना तो सरकारी पाठिंबा वाटला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले.

"नाना, वरच्या मजल्यावरून ओले कपडे टपकतायत. मुद्दाम!"

"नाना, आमच्या दारातला झाडू नाहीसा झालाय. कुणी नेला ते मला माहीत आहे, पण मी नाव घेणार नाही. समोरचीनंच नेला."

नाना प्रत्येक तक्रार मोठ्यानं पुन्हा म्हणून घेत होते. (त्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं समोरचाही कमीच ऐकतो असं ते धरून चालतात.) मध्येच सूनबाईच्या बंद दाराकडं बोट दाखवून ते नानींना दटावत, "हळू बोल, पोर अभ्यास करतेय!"

नानी कपाळावर हात मारत.

दुपारी समोरच्या इमारतीतल्या शिंपीणबाईंचा फोन आला. आवाज थरथरत होता. "नाना, तुमच्या गच्चीवर एक बाई आहे. डोक्याला टॉवेल गुंडाळलाय. एकटीच हातवारे करतेय. 'राजीनामा देईन, पण सही करणार नाही' म्हणून पाण्याच्या टाकीला दम देतेय!"

नानांची छाती फुगली. अखेर खरीखुरी संशयित! वर जाऊन बघावं असं त्यांच्या मनात आलं, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी चौकीला फोन लावला.

हवालदारबाई शिपायाला घेऊन आल्या आणि तडक गच्चीवर गेल्या. गल्लीतल्या खिडक्या माणसांनी भरल्या. थोड्या वेळानं वरून हाक आली, "आजोबा, ही बाई म्हणते, ती तुमच्याच घरातली आहे."

"शक्यच नाही!" नाना जिन्यातूनच गरजले. "आमच्याकडं असली वेडगळ बाई नाही!"

"असं का, नाना?" वरून ओळखीचा आवाज आला.

नाना वर पोचले. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सूनबाई उभी होती, धुतलेल्या केसांना टॉवेल गुंडाळून. तुमच्या फोनमुळं खोलीत बसवेना, म्हणून इथं येऊन उत्तरं घोकत होते, असं तिनं सांगितलं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. "उद्या मी काय बोलू, नाना? आजचा अख्खा दिवस गेला."

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरी, चुकलं गं," एवढंच ते म्हणाले.

"जाऊ द्या हो," हवालदारबाई म्हणाल्या. "एवढी माणसं आमच्या मदतीला आली, आणि पकडलं कुणाला, तर अभ्यास करणाऱ्या मुलीला!"

सूनबाईनं डोळे पुसले. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेचना. नानी टाकीला टेकून हसल्या. नानांनीही हसून घेतलं, पण जरा बेतानंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखतीत साहेबांनी तिला विचारलं, "कम्युनिटी पोलिसिंगमधली सर्वांत मोठी अडचण कोणती?" तिनं क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं, "सासरे, सर."