सतरापट धुरी

व्याह्यांनी विचारलं, "येतोस का?" आणि अनिलराव "शुअर" म्हणाले. बस, एवढंच झालं. पुढची सगळी शोभा त्या एका 'शुअर'ने केली.

व्याह्यांचं नाव डेल. उत्तर मिशिगनमध्ये राहणारा सहासष्ट वर्षांचा उंचापुरा, अबोल माणूस. दोन वर्षांपूर्वी अनिलरावांच्या सावनीने डेलच्या कोडीशी लग्न केलं. तेव्हापासून या दोन व्याह्यांचं संभाषण हवामानापलीकडे गेलं नव्हतं. एक म्हणायचा, "कोल्ड." दुसरा म्हणायचा, "व्हेरी." मग दोघं खिडकीबाहेर बघायचे. लग्नात अनिलरावांनी डेलला स्वतःच्या हाताने फेटा बांधला, शेला दिला, पंगतीत आग्रहाने चार जिलब्या वाढल्या. डेलने त्या खाल्ल्या आणि 'थँक यू, नील' म्हणाला. अनिलचा नील झाला तो झालाच. नावाचं एक वेळ जाऊ दे, पण एकुलत्या एका मुलीच्या सासऱ्याला आपण काही केल्या आवडत नाही, हे अनिलरावांना मनापासून लागलं होतं.

आणि आता हे आमंत्रण. सावनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे ॲन आर्बरला आली होती. बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. नाव देव. (डेल त्याला डेव्ह म्हणायचा, आणि दोन्ही घरं आपापल्या जागी खूश होती.) नातवाला बघायला आलेला डेल निघताना दारात थांबला आणि दोन वर्षांतलं सर्वांत मोठं भाषण त्याने केलं. त्याच्या रानात एक नर हरीण आहे, दहा टोकांच्या शिंगांचं. तीन वर्षं तो त्याच्या मागावर आहे. नाव ठेवलंय सिनेटर, कारण निवडणुकीतल्या पुढाऱ्यासारखा तो नोव्हेंबरात दिसतो आणि नंतर कोणाच्या हाती लागत नाही. डिसेंबरात डेलच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. पुढच्या वर्षी रानात चालता येईल की नाही, देव जाणे. "सो धिस इज द इयर," डेल म्हणाला. "बंदूक माझ्याकडे. तू नुसता शेजारी बस. येतोस का?"

शुअर!

तो गेल्यावर जावई डोकं धरून बसला. "बाबा, डॅड त्या ब्लाइंडमध्ये मलासुद्धा नेत नाहीत." (ब्लाइंड म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायचं लाकडी खोपटं. आणि कोडी बोलला ते अर्थातच इंग्रजीत, 'बाबा' तेवढं मराठीत.)

"का नेत नाहीत?"

"मी शिंकतो. पण बाबा, खरा प्रॉब्लेम वेगळा आहे. हरणाला अर्ध्या मैलावरून वास येतो. आणि, डोंट टेक धिस द राँग वे, तुमच्या घरात फार छान वास असतो. पण असतो."

अनिलरावांनी सावनीपुढे दंड धरला. तिने हुंगला. "बाबा, खरं सांगू? कांदा-लसूण मसाला. मागून थोडा हिंग."

इतक्या वर्षांच्या अमेरिकेत एक नियम या घराने पाळला होता: फोडणी टाकण्याआधी सगळे कोट उचलून बेडरूममध्ये न्यायचे आणि दार लावायचं. ऑफिसात कोटाला वास येऊ नये म्हणून. अनिलरावांना वाटायचं, आपण पूर्ण बंदोबस्तात आहोत. आज पहिल्यांदा कळलं, की कोट सुटले, पण आपण सापडलो.

समजा, सिनेटर आला, त्याने नाक वर केलं, त्याला हिंग लागला आणि तो पळाला! तीन वर्षांचा ध्यास, शेवटचा मोसम, आणि सत्यानाश कोणी केला तर मुलीच्या बापाने. लेकीने सासरी कोणत्या तोंडाने जायचं?

अनिलराव एका मोटारपार्ट कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इंजिनिअर होते. प्रत्येक प्रश्नाला मूळ कारण असतं आणि ते एक्सेलमध्ये सापडतं, यावर त्यांची श्रद्धा होती. ते आठवडाभर इंटरनेटवरच्या शिकाऱ्यांची मतं वाचत बसले. तिथे दोन पंथ निघाले. एक धूरवाले. त्यांचं म्हणणं, कपड्यांना लाकडाचा धूर द्या, माणसाचा वास दबतो आणि रानातल्या हरणाला धुराचं काही वाटत नाही. दुसरे वारेवाले. ते म्हणायचे, धूर-बीर सगळं थोतांड, वारा हरणाकडून तुमच्याकडे येईल असे बसा आणि गप्प राहा. हे दोन पंथ एकमेकांवर ज्या शब्दांत तुटून पडत होते ते पाहून अनिलरावांना मराठी मंडळाची वार्षिक सभा आठवली. हरणांचं मत कोणीच विचारलं नव्हतं.

वारेवाल्यांचा उपाय फुकट होता, त्यामुळे अनिलरावांचा त्याच्यावर विश्वास बसेना. कोडीने त्यांना दुकानात नेलं. (कोडीला शिकारीतलं सगळं माहीत होतं. त्याने आजवर एकही हरीण मारलं नव्हतं.) तिथून वास घालवणारा साबण आला, वास घालवणारा स्प्रे आला, ओल्या मातीच्या वासाच्या वड्या आल्या, दोन साइझ मोठा जाड कोट आला. आणि नर हरणाला ओढून आणणारी एक लहानशी बाटली आली, जी फ्रिजमध्ये ठेवायची होती.

ती बायकोला, प्रतिमाबाईंना सापडली. ग्राइप वॉटरच्या शेजारी.

"अहो, हे काय आहे?"

"ते हरणीचं असतं."

"हरणीचं काय असतं?"

"अगं, म्हणजे... ते."

"ते म्हणजे?"

"ते म्हणजे तेच."

प्रतिमाबाईंनी बाटली चिमट्यात धरून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात नेली, फ्रिज दोनदा पुसला आणि नवऱ्याला दोनदा हात धुवायला लावले. चिडण्याचा त्यांना हक्कच होता. घरात बाळंतीण, दोन महिन्यांचं पोर, डिंकाचे लाडू वळून मनगटं दुखतायत, आणि हा माणूस असल्या बाटल्या आणतोय.

पण त्याच दिवशी अनिलरावांना साक्षात्कार झाला. देवला आंघोळीनंतर धुरी द्यायची हा प्रतिमाबाईंचा हट्ट होता. सावनीने आणि बाळाच्या डॉक्टरने मिळून तो मोडून काढला: बाळाजवळ धूर चालणार नाही. मग तह झाला. धुरी बाळाला नाही, बाळाच्या दुपट्याला. रोज प्रतिमाबाई घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर कढईत दोन निखारे ठेवायच्या, त्यावर चिमूटभर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं आणि धूप टाकायच्या आणि दुपटं वर धरायच्या. नंतर ते चांगलं झटकून, मोकळ्या हवेत ठेवून देवला गुंडाळलं, की पोर तीन तास डोळा उघडत नसे.

अनिलराव बघतच राहिले. अमेरिकन लोक ज्याच्यावर पाच-पाचशे कॉमेंटी लिहून भांडतायत, ते आपल्या डेकवर रोज सकाळी साडेनऊला चाललंय! कपड्यांना धूर. माणसाचा वास गायब. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.

फक्त प्रमाण काढायचं राहिलं होतं. ते त्यांनी एक्सेलमध्ये काढलं. देव पाच किलोचा, आपण चौऱ्याऐंशी. म्हणजे सतरापट.

शनिवारी सकाळी प्रतिमाबाई सावनीला आणि देवला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. अनिलरावांनी डेकवर मोठी कढई मांडली, कोट हँगरवर लटकवला आणि सतरा चिमट्या मोजायला घेतल्या. सहाव्या चिमटीला कंटाळा आला आणि त्यांनी धुरीच्या सामानाचा डबाच उपडा केला. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की शेजारचा कुत्रा भुंकायला विसरला. उघड्या दारातून धूर घरात शिरला, वरखाली मिळून चार अलार्म कोकलायला लागले, आणि अनिलराव टॉवेल फिरवत या खोलीतून त्या खोलीत पळत असताना दारात गाडी थांबली.

प्रतिमाबाईंनी आधी कोटाकडे पाहिलं. मग रिकाम्या डब्याकडे.

"हा डबा सुवर्णामावशींनी पुण्याहून आणला होता," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "सहा महिने पुरणार होता."

"अगं, डेलसाठी केलं. व्याह्यांचा मान—"

"मान तुमचा तुम्ही ठेवा. डबा मला भरून पाहिजे."

दुसऱ्या दिवशी अनिलराव कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून साडेतीन तास ड्राइव्ह करून डेलच्या केबिनवर पोचले. दुपारचा एक वाजला होता. रानात पातळसा बर्फ पडला होता. त्यांनी पिशवी सोडली, कोट चढवला. डेल दोन पावलं मागे सरकला, मग एक पाऊल पुढे आला आणि हुंगू लागला.

"नील, व्हॉट इज दॅट?"

"कव्हर सेंट," अनिलराव छाती पुढे काढून म्हणाले. "ट्रॅडिशनल."

डेलने कोटाची कॉलर नाकाशी धरली. "डिल पिकल्स," तो म्हणाला. "आणि चर्च." (डिल म्हणजे आपला शेपू. आणि धूप चर्चमध्येही जाळतात.)

मग बंदूक उचलून तो ब्लाइंडकडे चालू लागला.

ब्लाइंडमध्ये दोन खुर्च्या, एक खिडकी आणि गॅसचा छोटा हीटर एवढंच होतं. स्थिरावल्यावर डेलने डबा उघडला. आत लसूण घातलेल्या सॉसेजचं सँडविच, त्यात कच्चा कांदा. सोबत थर्मासात कॉफी. अनिलराव हादरले.

"डेल! वास?"

डेलने बोट ओलं करून खिडकीबाहेर धरलं. "वारा आपल्या तोंडावर आहे," तो म्हणाला. "पुरे." आणि अर्धं सँडविच अनिलरावांना दिलं. म्हणजे साबण, स्प्रे, वड्या, बाटली आणि सुवर्णामावशींचा डबा, सगळ्याचा निकाल एका ओल्या बोटाने लागला.

अर्ध्या तासात हीटर विझला. गॅस संपला होता. थंडी पायांतून वर चढायला लागली. डेल गुडघे चोळत होता. मार्चपासून या गुडघ्यांनी एक रात्र धड झोपू दिलं नाही, असं तो पुटपुटला. अनिलरावांना राहवेना. त्यांनी कोट काढला आणि गोधडीसारखा दोघांच्या मांडीवर पसरला. दोन साइझ मोठा होता, नीट पुरला. डेल नको म्हणाला नाही. कोटाला ऊब लागली तसा त्यातून ओवा, शेपा आणि धुपाचा वास हळूहळू निघायला लागला. खांद्याला खांदा लागला होता. अनिलरावांना एकदम फार बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, हा आपलाच माणूस आहे. ते हे डेलला सांगणारही होते, फक्त नीट इंग्रजी वाक्य जुळवायला त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

उघडले तेव्हा पावणेसहा वाजले होते. गोळी झाडायची कायदेशीर वेळ संपली होती. डेल शेजारी हनुवटी छातीला टेकवून गाढ झोपला होता. आणि बाहेर बर्फात, खिडकीपासून हातभर अंतरावर, मोठमोठे खूर उमटले होते.

डेल जागा झाला. त्याने खूर पाहिले. मग लंगडत समोरच्या झाडावरचा कॅमेरा काढून आणला, आणि दोघांनी त्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर फोटो पाहिले. चार वाजून बारा मिनिटांनी सिनेटर आला. सव्वाचारला त्याने खिडकीतून थेट आत तोंड घातलं आणि कोट हुंगला. घाबरला नाही, बिचकला नाही. पुन्हा हुंगला. चार एकतीसला तो तिथेच होता, डोळे अर्धवट मिटून. आत दोन व्याही गाढ झोपले होते, आणि अनिलरावांचं डोकं डेलच्या खांद्यावर होतं.

धुराने वास दबतो की नाही, या प्रश्नाचा इतका स्वच्छ निकाल कोणत्याही पंथाला आजवर मिळाला नव्हता. पण अनिलरावांना आनंद होईना. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तो हातभर अंतरावर वीस मिनिटं उभा होता, आणि आपण व्याह्यांना अंगाई गाऊन झोपवलं. "डेल, आय ॲम सॉरी," ते म्हणाले.

डेलने घड्याळाकडे पाहिलं. "तीन तास," तो म्हणाला. बस, एवढंच. केबिनवर पोचेपर्यंत तो दुसरं अक्षर बोलला नाही. अनिलराव निघाले तेव्हा कोट डेलच्याच अंगावर होता, आणि तो परत मागायची त्यांची छाती झाली नाही. स्वेटरवर कुडकुडत, तोंड पाडून ते घरी आले.

चार दिवस त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही. पाचव्या दिवशी फोन वाजला. प्रतिमाबाईंनी घेतला. बराच वेळ त्या "ओह," "रिअली?" आणि "ऑफ कोर्स, डेल" असं म्हणत राहिल्या. शेवटी तर चक्क हसल्या. त्यांचं आणि डेलचं एवढं बोलणं आजवर झालं नव्हतं.

"काय म्हणाले?" अनिलराव खुर्चीच्या टोकावर आले होते.

"सिनेटरचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. तुम्ही दोघंही आहात त्यात. रोज तो कोट पांघरून झोपतात म्हणे. गुडघे दुखले तरी झोप लागते."

"आणि? रागावलेत का?"

"छे! तो आत डोकावला होता याचंच त्यांना अप्रूप. ऑपरेशन झालं की पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा बसणार आहेत, त्याच ब्लाइंडमध्ये."

अनिलरावांचा चेहरा उजळला. "बोलावलं? मला बोलावलं?"

प्रतिमाबाईंनी फोन पुढे केला. कॅमेऱ्यातला चार चाळीसचा व्हिडिओ डेलने पाठवला होता, आवाजासकट. सिनेटर शांत उभा होता. मग खिडकीतून डबा घासल्यासारखा एक लांबलचक घोरण्याचा आवाज आला, आणि सिनेटरने जी उडी मारली ती थेट फ्रेमबाहेर. डेल तेव्हा हनुवटी छातीला लावून निवांत झोपला होता. तोंड अनिलरावांचं उघडं होतं.

"वासाचं काम एक नंबर झालं म्हणाले," प्रतिमाबाई म्हणाल्या. "ऑक्टोबरात कोट पार्सलने पाठवतायत. सुवर्णामावशींकडून नवा डबा मागवते आणि नीट धुरी देऊन परत पाठवते, असं मी कबूल केलंय."

"आणि मी?"

"विचारलं मी. नील नाही आला तरी चालेल म्हणाले, कोट नक्की पाठवा."