दोन कोटी वर्षांचं टेबल

वापीच्या आठ हमालांनी ते बुटकं टेबल थेट विजयमालाबाईंच्या ओटीवरच्या झोपाळ्याखाली टेकवलं आणि टेम्पोकडे पळ काढला. बाईंच्या तोंडात पान होतं, नाहीतर आठही जण तसे सुटले नसते.

“बा, आ लाकडुं नथी, पथ्थर छे! अंदर नहीं जाय,” एवढं ओरडून टेम्पो झाई गावाबाहेर पडलासुद्धा.

खोटं नव्हतं ते. वर्तुळं झाडाची, वजन मात्र दगडाचं. चिरंजीव दर्शन छाती फुगवून सांगत होता, “आई, दोन कोटी वर्षांपूर्वीचं झाड आहे. जमिनीत गाडलं गेलं, त्याचा दगड झाला. लक्झरी आहे ही!”

“दोन कोटी वर्षं कुणाच्या उपयोगी पडलं नाही, ते तुझ्या कपबशीची वाट बघत होतं होय?” बाईंनी पिंक टाकली. “माझा झोपाळा हलेना झालाय, त्याचं बोल.”

झोपाळा म्हणजे बाईंची गादी. चिकूची वाडी, रस्ता आणि सुनेचं स्वयंपाकघर, तिन्हींवर तिथूनच नजर राहायची. आज अकरा वाजता तलासरीहून पाहुणे नातीला, नूतनला, बघायला येणार होते. त्यांच्यासमोर बाईंनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं? त्यापेक्षा पाहुणे परत गेलेले परवडले.

वाडीतल्या सहा गड्यांच्याने टेबल तसूभर हललं नाही. मग शुक्रा गड्याने डोकं चालवलं. बंदरावरून होड्या ओढायची चेन-पुली आणली, झोपाळ्याची फळी उतरवली, तुळईच्या कड्यांत पुली अडकवून टेबलाला चहूकडून दोर बांधले.

“तुळई मोडली तर तिच्या जागी तुलाच आडवा घालीन, मेल्या.”

सागाच्या तुळईने हूं की चूं केलं नाही. टेबल गुडघाभर वर आलं आणि पुली अडकली. वर जाईना, खाली येईना. तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला.

मुलाची आई मनोरमाबाई, रिटायर्ड मुख्याध्यापिका, ओटीवर चढल्या आणि थबकल्या. “अगंबाई! दगडाचा झोपाळा?”

दर्शनचं तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, “लाकडाचे काय, कुणाकडेही असतात.”

मनोरमाबाई हरखून त्यावर बसल्या त्या बसल्याच. पोहे तिथेच, चहा तिथेच. मुलगा प्रितम आणि नूतन वाडीत बोलून हसत परत आले, तरी यांचा झोका चालूच. बाई समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. खुर्चीचा एक पाय वाकडा होता.

“पोरगी आम्हाला पसंत आहे,” मनोरमाबाई म्हणाल्या. “पण खरं सांगू? इथून उठवत नाही हो.”

बाईंचा आवाज त्या दिवसात पहिल्यांदा मऊ झाला. “विहीणबाई, नूतनला मार्गशीर्षात न्या. हे मात्र आजच न्या. शुक्रा, टेम्पो बोलाव!”

“आई, अगं—” दर्शन कळवळला.

“गप रे!”

“छे हो, आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. टांगायचा कुठे?” मनोरमाबाईंनी पायाने हलकेच झोका घेतला. “राहू दे इथेच. मीच येत जाईन, दर रविवारी.”